नल्लकुंट्यातली अर्धी पट्टी

हैदराबादेहून परभणीला परतलो त्याच संध्याकाळी शेजारचे देशमुख कुंपणावरून डोकावले. "काय डॉक्टर, बिर्याणी झोडली की नाही? वहिनींना मोती आणले का?" मी दोन्ही प्रश्नांना नाही म्हणालो. देशमुखांना वाटलं, मी चिकटपणा केला. आता त्यांना काय सांगायचं? जवळजवळ दोन आठवडे राहून मी त्या शहराचं पाहिलं काय, तर एक गच्ची, एक दवाखाना, एक औषधाचं दुकान आणि माझ्या थोरल्या बहिणीचा हट्ट. चारमिनार पाहिला, पण रिक्षातून, तोही कोंबड्यांच्या बाजारात जाताना. तरी लिहितो आहे. तुमच्यापैकी कोणी हैदराबादेत बहिणीकडे किंवा मावशीकडे जाणार असेल, तर त्यानं फडताळातला बिस्किटांचा पत्र्याचा डबा जपून उघडावा, एवढ्यासाठी.

मी गुराढोरांचा डॉक्टर. सरकारी नोकरीत सगळा मराठवाडा पायाखाली घातला आणि आता घरी बसलो आहे. माझी बहीण, आक्का, लग्न होऊन हैदराबादेत गेली त्याला आता एक जन्म झाला. सत्तरी ओलांडली तरी फोनवरचा आवाज मामलेदाराचा. "दिगू, माझ्या कोंबड्या बिमार पडायल्यात. तू ये."

मी म्हणालो, "अगं, तिथं जनावरांचे डॉक्टर काय कमी आहेत?"

"घरचा डॉक्टर असून बाहेरच्याला कायकू बोलवू? ये म्हणलं की ये."

तर असा मी पाच कोंबड्यांसाठी हैदराबादेला निघालो. बायकोचा गुडघा दुखत होता, तिनं दारातच विचारलं, "माझ्यासाठी कधी एवढ्या तातडीनं धावलात का?" मी पिशवी उचलली.

काचीगुडा

दाजी, म्हणजे आक्काचे यजमान, मफलर गुंडाळून स्टेशनवर उभे होते. जामबागेतल्या शाळेत त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना गणित शिकवलं. स्वभाव असा की समोरचा जे म्हणेल त्याला 'हौ' म्हणायचं आणि मग आपल्या मनासारखं करायचं. मला याचा पुढं पुरता उलगडा झाला.

स्टेशनबाहेर त्यांनी आधी इराणी चहा पाजला. आमच्याकडे चहा उकळून उकळून दमवतात, तिथं दूध आटवून आटवून. बशीत उस्मानिया बिस्किटं होती, थोडी गोड, थोडी खारट. ती चहात बुडवून खाईपर्यंत मी सुखी माणूस होतो. या प्रवासातलं सुख तेवढंच म्हणून आवर्जून नोंदवतो.

मग रिक्षा केली. रिक्षावाल्याचा घसा बसला होता. बरकतपुऱ्याच्या सिग्नलला त्यानं खिशातून गोळ्यांची पट्टी काढली, एक गोळी पाण्याशिवाय गिळली आणि पट्टी परत खिशात. माझी नजर गेली. चांगली जोरकस अँटिबायोटिकची गोळी होती, मी नोकरीत असताना असली औषधं गाईला द्यायची म्हटली तरी चार वेळा विचार करायचो.

मी विचारलं, "कितने दिन खाना बोले डॉक्टर?"

"डॉक्टर कायकू साब? गला पकड़ा तो एकीच गोली खातूं. शाम तक फिर गाड़ी दौड़ातूं."

"एका गोळीनं जंतू मरत नाही रे बाबा! अर्धमेला होतो, आणि पुढच्या वेळी त्याच गोळीला हसतो!"

मी हे मराठीत ओरडलो. रिक्षावाल्यानं आरशातून दाजींकडे पाहिलं. दाजींनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "डॉक्टरसाहेब, अजून घर आलं नाही. राग जरा पुरवून वापरा."

गच्चीवरचा दवाखाना

नल्लकुंट्याच्या गल्लीत आक्काचं दुमजली घर आहे. खाली आक्का आणि दाजी, वर मुलगा आणि सून. मुलगा कंपनीच्या कामासाठी परदेशी गेलेला. सून मीनल पुण्याची, घरातूनच कॉम्प्युटरवर नोकरी करते. कानात सदैव ते फोनचं बोंडूक, त्यामुळे ती आपल्याशी बोलते आहे की साहेबाशी, हे तिच्या भुवयांवरून ओळखायचं.

जेवायला ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि खट्टी दाल होती. आमच्याकडे वरणात चिंच घातली तर आमटी होते, तिथं तिला खट्टी दाल म्हणतात आणि भातावर अशी ओततात की भात दिसेनासा होतो. मी तिसऱ्यांदा वाढून घेतली तशी आक्का म्हणाली, "बास. आधी पेशंट बघ."

गच्चीवर जाळीच्या खुराड्यात पाच कोंबड्या होत्या. नातवंडांना गावरान अंडी मिळावीत म्हणून त्या आणल्या. नातवंडं अजून व्हायची आहेत, पण आक्काची तयारी पुढची असते. त्यातली भुरी नावाची कोंबडी पंख पाडून कोपऱ्यात बसली होती. पांढरी हगवण लागली होती. मी तिचे डोळे पाहिले, पोट चाचपलं आणि विचारलं, "हिला काय काय दिलंस?"

आक्का खाली गेली आणि पत्र्याचा डबा घेऊन आली. मूळचा बिस्किटांचा. झाकणावर गुलाबाची फुलं, आत गोळ्या. पण पट्ट्या पूर्ण नव्हत्या, कात्रीनं कापलेले तुकडे होते. कुणात दोन गोळ्या, कुणात तीन, कुणात एकटी एक. नाव छापलेलं टोक एका तुकड्यावर, तारीख दुसऱ्यावर, आणि दुसरा तुकडा कुणाच्या तरी गावाला गेलेला.

त्या घराची रीत अशी. डॉक्टरनं सात दिवसांच्या गोळ्या दिल्या की तिसऱ्या दिवशी बरं वाटतं. बरं वाटलं की गोळ्या बंद. बऱ्या माणसानं औषध खाल्लं तर उष्णता होते. उरलेल्या गोळ्या डब्यात. अन्न आणि औषध टाकू नये, पाप लागतं. मग शेजारच्या सरोजनम्मा विरजण मागायला येतात तशा तापाची गोळी मागायला येतात. प्रवासाला निघालेल्या प्रत्येकाच्या दशम्यांच्या पुडक्यात एक कापलेला तुकडा जातो, वाटेत पोट बिघडलं तर असावा म्हणून. आणि ज्या गोळ्या फार जुन्या झाल्या, त्या भाकरीच्या पिठात कुस्करून कोंबड्यांना.

"नाव कापून टाकलंस, मग कशाची गोळी ते कळतं कसं?" मी विचारलं.

"रंगावरनं. पिवळी पोटाची, गुलाबी तापाची. ही लांबट दाताची, पण कोंबडीला दात कुठले, म्हणून तिला अर्धी."

मी डोक्याला हात लावून पाण्याच्या टाकीवर बसलो. माझा सगळा जन्म शेतकऱ्यांना हेच सांगण्यात गेला. बाबांनो, जनावराला अर्धवट औषध देऊ नका. अर्धवट मार खाल्लेले जंतू निर्ढावतात, मग ते दुधातून, मांसातून, अंड्यातून, शेणाच्या हातातून माणसाच्या पोटात येतात, आणि तिथं माणसाचं औषधही चालत नाही. परभणी जिल्ह्यात माझं ऐकलं नाही, हे एक वेळ सोसलं. पण सख्ख्या बहिणीनं गच्चीवर निर्ढावलेल्या जंतूंची तालीमच काढलेली!

मी बोललो, भरपूर बोललो. भुरीला वेगळी ठेव, पाणी रोज बदल, खुराड्यात चुना मार, गोळी एकही नको. आक्कानं सगळं ऐकून घेतलं आणि दाजींना म्हणाली, "इत्क्या दुरून आला, आणि औषध नक्को म्हणतो. औषध देत नाही तो कसला डॉक्टर हो?"

"हौ," दाजी म्हणाले.

सकाळचा पेला

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात गेलो तर आक्का कोमट दुधात कच्चं अंडं फेटत होती. एक पेला तिचा, एक दाजींचा. तिच्या सासऱ्यांची चाल. ते बिदरकडे शेती करायचे, तालीम करायचे, आणि म्हणे शेवटपर्यंत चष्मा लागला नाही.

"आक्का, त्या कोंबड्या आजारी आहेत. त्यांचं अंडं कच्चं पिऊ नको. कडक उकड आणि खा."

"अंडी भुरीची नव्हेत. चंद्रीची आहेत. चंद्री ठणठणीत आहे."

"जंतू काय भुरीची परवानगी काढून चंद्रीकडे जातात का?"

"तू उगाच परेशान होतोस, दिगू. तुझ्या नोकरीनं तुला बिघडवलं. जिकडं तिकडं जंतू दिसायलेत." आणि तिनं माझ्या डोळ्यांदेखत पेला तोंडाला लावून रिकामा केला. दाजी आपला पेला घेऊन, 'हौ हौ' करत, पेपर वाचायला अंगणात गेले.

मीनल जिन्यात भेटली. कानातलं काढून म्हणाली, "मामा, मी एकदा तो डबा टाकायला गेले होते. आई कितीतरी दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तुम्हीच काहीतरी करा ना, प्लीज." मी छाती पुढे काढून हो म्हणालो. बहिणीसमोर माझी किंमत किती, हे त्या पोरीला अजून माहीत नव्हतं.

तरी प्रयत्न केला. गल्लीच्या तोंडाशी औषधाचं दुकान आहे तिथं गेलो. म्हटलं, निदान याला दम देऊ. दुकानदार गोळ्या देत होता आणि लोक घेत होते, अगदी चिंचेच्या गोळ्या घ्याव्यात तशा. एक बाई म्हणाली, दोन दिवसांच्या द्या. त्यानं कात्री उचलली आणि कापून दिल्या. म्हणजे कात्रीचा उगम इथं होता तर!

मी विचारलं, "डॉक्टरची चिठ्ठी बघत नाही तुम्ही?"

"किसकू देरा मैं, ये भी तो देखो साब," तो आदबीनं म्हणाला. "आप किनके यहाँ आए?"

मी आक्काचं नाव सांगितलं. त्याचा चेहरा उजळला. "अम्मा? अरे, अम्मा तो खुद डॉक्टर हैं! पूरी गल्ली अम्मा से पूछ के मेरे पास आती!"

दुपारी दाजींना घेऊन मी कोंबड्यांच्या बाजारात गेलो. आक्कानं ज्याच्याकडून कोंबड्या आणल्या तो विक्रेता काय खाऊ घालतो, ते पाहायचं होतं. चारमिनार त्याच वाटेवर लागला. दाजी म्हणाले, "उतरून बघणार?" मी म्हणालो, येताना बघू. येताना मी इतका संतापलेलो होतो की चारमिनार कुठल्या बाजूला गेला ते कळलं नाही. त्या विक्रेत्यानं पिल्लांबरोबर एक पिवळ्या पुडीची भेट देऊ केली होती. "पानी में डालते रहो साब, बिमारीच नहीं आती. चूजे के साथ फ्री." पुडीवर नाव नाही, काही नाही. मी वास घेतला, बोटावर रंग पाहिला, आणि ते औषध मला ओळखू आलं. आजार नसताना रोज थोडं थोडं औषध! घरी आल्यावर फडताळात पाहिलं तर तशाच पुड्यांची अर्धी बरणी होती. आक्का त्यांना 'कोंबड्यांचं ग्लुकोज' म्हणत होती.

मी भुरीची आणि बाकीच्या कोंबड्यांची विष्ठा बाटलीत घेतली. शहराबाहेरच्या एका प्रयोगशाळेत माझा जुना स्नेही आहे, त्याच्याकडे नेऊन दिली. आक्का म्हणाली, "मिठाई न्यायची सोडून हे नेलंस? लोक काय म्हणतील?"

बाकावरचे दिवस

आणखी दोनेक दिवसांनी आक्का अंथरुणातून उठली नाही. पोटात कळ, जुलाब, अंगात ताप. मी विचारलं तर म्हणाली, "रात्रीचं वांगं बाधलं." मीनलनं उशीखाली पाहिलं. पिवळ्या गोळ्यांचा तुकडा होता, त्यातली गोळी संपलेली. मग गुलाबी. मग लांबटसुद्धा. बिचारी दाताची गोळी पोटाला लावून बसली होती. ताप मात्र चढतच होता.

संध्याकाळी तापाच्या भरात ती दाजींना त्यांच्या आईच्या नावानं हाक मारायला लागली. तेव्हा माझ्या अंगातला सगळा राग पाण्यासारखा उतरला आणि मी घाबरलो. गुरांच्या गोठ्यात मी कधी घाबरलो नाही. पण ज्या बाईनं मला कडेवर घेऊन शाळेत सोडलं, तिचा हात माझ्या हातात गरम आणि ढिला पडला होता. आई गेल्यापासून मला माहेर म्हणाल तर तेवढंच एक घर. पुरुषालाही माहेर असतं, पण तो कबूल करत नाही.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, तेलुगू. हिंदी तोडकं पण डोळे शांत. रक्त तपासायला घेतलं, सलाईन लावलं, इंजेक्शन सुरू केलं. म्हणाल्या, जंतू रक्तात गेलाय, कोणतं औषध त्याला लागू पडतं ते कळायला थोडे दिवस लागतील. पहिलं इंजेक्शन लागू पडलं नाही. ताप उतरला की आम्ही सुटकेचा श्वास टाकायचो आणि तो परत चढायचा. मीनल माझ्या शेजारी बाकावर बसायची, कानात काही नसायचं. एकदा हळूच म्हणाली, "मामा, आई जातील का हो?" मी डॉक्टर असून नुसता उठून सलाईनची बाटली बघायला गेलो.

तिथंच बाकावर मी दाजींवर चिडलो. "तुम्हीही रोज तेच कच्चं अंडं पिता! तुम्हाला काहीच कसं झालं नाही?"

दाजींनी मफलरचा गोंडा बोटाला गुंडाळला. मग म्हणाले, "मी पीत नाही. लग्नापासून नाही. मला वास येतो."

"मग तो पेला?"

"जास्वंदीला घालतो."

मला आठवलं, अंगणातली जास्वंद काय तरारलेली होती! मी हसलो, आणि हसताना मला रडू आलं. दाजींचंही तसंच झालं. "तिला सांगितलं असतं तर तीही प्यायची थांबली असती का हो?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, नाही. त्या माणसाला दुसरं काय सांगणार?

शेवटी तपासणीचा निकाल आला. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला खुर्चीवर बसवलं. साल्मोनेला निघाला होता. कच्च्या अंड्यातून आणि कोंबड्यांच्या विष्ठेतून येणारा नेहमीचाच जंतू, पण त्याच्यावर नेहमीच्या गोळ्या चालत नव्हत्या. पिवळी नाही, गुलाबी नाही. एक इंजेक्शन आणि एक गोळी, एवढ्या दोनच औषधांना तो अजून भीत होता. "अंकल, एकाध और चला जाता तो हमारे हाथ में क्या रहता?" त्या म्हणाल्या. त्याच दुपारी माझ्या स्नेह्याचा फोन आला. चंद्रीच्या विष्ठेतही साल्मोनेला होता, आणि त्यालाही तीच औषधं चालत नव्हती. चंद्री अजून ठणठणीतच होती.

नवीन इंजेक्शनानं आक्का उठून बसली. बसल्याबरोबर तिनं पलीकडच्या खाटेवरच्या बाईला जुलाबावर कोणती गोळी घ्यावी ते सांगितलं. मी समजलो, धोका टळला.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी त्या शेवटच्या गोळीची पट्टी दिली आणि बजावलं, "अम्मा, अच्छा लगा तो भी बंद नहीं करना. पूरा खाना. प्रॉमिस?"

"हौ," आक्का म्हणाली. तो 'हौ' मला दाजींच्या 'हौ'सारखा ऐकू आला होता. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

परतीची गाडी, पहिली

आक्का हिंडूफिरू लागली. मीनलनं डबा गोळ्यांसकट दवाखान्यात नेऊन दिला आणि या खेपेला आक्का काही बोलली नाही. मी खुराड्याला चुना मारला. भुरीला निराळी ठेवून नुसतं स्वच्छ पाणी आणि ऊब दिली, तर ती बया दाणे टिपू लागली. मला वाटलं, आपण जिंकलो. मी तिकीट काढलं.

आक्कानं काचीगुड्यापर्यंत यायचा हट्ट धरला, आम्ही ऐकलं नाही. तिनं दारात दशम्यांचं पुडकं हातात दिलं. "वाटेत खा. वहिनीला माझा सांगावा दे." डोळ्यांत पाणी होतं. मीही पायांवर डोकं ठेवताना जरा वेळ लावला.

गाडी सुटली. मी खिडकीशी बसून पुडकं सोडलं. दुधातल्या पिवळसर दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आवकाय लोणच्याची फोड. आणि चटणीच्या खाली, कागदात गुंडाळून, कात्रीनं कापलेला पट्टीचा तुकडा. गोळ्या तुकतुकीत. नाव कापलेलं होतं, पण रंग मी ओळखला. तीच ती. शेवटची.

माझ्या तोंडातला घास तसाच राहिला. मी फोन लावला. दाजींनी उचलला.

"आक्का कुठाय?"

"गच्चीवर गेलीय. भुरी पुन्हा जरा बसल्यासारखी वाटली म्हणून तिला गोळी द्यायला."

"कुठली गोळी? डबा तर गेला!"

"तिच्या पट्टीतली. उरल्या त्यातल्या अर्ध्या तुम्हाला दिल्या म्हणे, अर्ध्या भुरीला. तिला आता बरं वाटायलंय ना."

तेवढ्यात मलकाजगिरी स्टेशन आलं. मी पिशवी आणि पुडकं छातीशी धरून उतरलो. मागून कोणीतरी ओरडलं, "चाचा, आपका चप्पल!" एक चप्पल डब्यातच राहिली. दुसरी घालून लंगडत रिक्षा गाठली. रिक्षावाल्याला ताप, खोकला काही नव्हतं, देवाची कृपा. असतं तर माझ्याकडून त्याचा खून झाला असता.

गच्चीवर आक्का पाटावर बसली होती. मांडीत भुरी, तळव्यावर ज्वारीच्या पिठाचा गोळा, आणि बाजूला पट्टीचा दुसरा तुकडा; भुरी चोच उघडेना, म्हणून त्यातल्या उरलेल्या गोळ्या अजून तशाच. मला पाहून तिला भूत दिसल्यासारखं झालं.

"गाडी चुकली का? चप्पल कुठं गेली रे?"

मी तुकडा उचलला. माझा आवाज चढला होता, सरोजनम्मा त्यांच्या गच्चीवर येऊन उभ्या राहिल्या. "का बंद केल्यास गोळ्या?"

"बरं वाटायलंय तर कायकू खाऊ? आणि तू प्रवासाला निघालेला. तुझं पोट नाजूक, लहानपणापासून. हीच एक चांगली गोळी हाय म्हणाली ना ती बाई? मग चांगली आपण एकटीनंच खायची का? भावाला नक्को का?"

चाळीसेक प्रकारचे जंतू मला सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येतात, पण असली माया कशी मारायची ते कुणी शिकवलं नाही.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. "आक्का, तू मेली असतीस. कळतंय का? तुझ्या पोटातला तो जंतू आता या एकाच गोळीला भितो. तू ती अर्धी सोडलीस तर तो तिलाही भ्यायचा थांबेल. मग मला हिचा काही उपयोग नाही, भुरीला नाही, आणि तुला द्यायला त्या बाईंच्या हातात काही उरणार नाही. मला तुझी गोळी नको. मला तू पाहिजेस."

आक्कानं भुरीला खाली सोडलं आणि पिठाचा हात पदराला पुसला.

"आण," ती म्हणाली.

मीनलनं पाणी आणलं. आक्कानं गोळी तोंडात टाकली, घोट घेतला. जन्मभर गुरांना आणि कुत्र्यांना गोळ्या दिलेला माणूस मी, गालात ठेवलेली गोळी मला कळते. म्हणालो, "आ कर."

"सगळ्यांसमोर?"

"आ कर, आक्का. जीभ वर."

सरोजनम्मा बघत होत्या, दाजी बघत होते, भुरी बघत होती. माझ्या बहिणीनं आ केला. गोळी गेली होती.

परतीची गाडी, दुसरी

दोन्ही तुकडे तिच्या उशाशी ठेवून मी दुसऱ्या दिवशी निघालो. घरी बायकोचा गुडघा वाट बघत होता. "राहिलेल्या खाशील ना?" मी विचारलं. "शपथ घे."

"शपथ-बिपथ नक्को. खाते म्हणलं ना."

गाडीत मी पुडकं पहिल्या स्टेशनाच्या आत उकलून झडती घेतली. दशम्या आणि चटणी, एवढंच होतं. तरी विश्वास बसेना. परभणीला आल्यावर मीनलला रोज मेसेज करत होतो. ती 'घेतल्या मामा' असं कळवायची. पण ती दिवसभर कानात ते घालून बसलेली, तिनं काय पाहिलं असणार?

मग काही दिवसांनी दाजींचा एक जुना विद्यार्थी परभणीला लग्नाला आला. दारात येऊन म्हणाला, "सरांच्या बाईंनी तुमच्यासाठी दिलंय." दशम्यांचं पुडकं. मी देशमुखांच्या समोरच सोडलं. वर दशम्या, खाली चटणी, आणि चटणीच्या खाली कागदात गुंडाळलेलं काहीतरी कडक. देशमुख म्हणाले, "काय हो, मोती पाठवले का बहिणीनं?"

मी कागद उलगडला. पट्टीचे दोन्ही तुकडे होते. कात्रीनं कापलेल्या कडा एकमेकींना लावून, सुईदोऱ्यानं टाके घालून जोडलेले. मी उलटे केले, उजेडात धरले, एकेक फोड दाबून पाहिली.

सगळ्या रिकाम्या होत्या.